'टूथसम'मधला दात आणि व्युत्पत्तीचा हट्ट

इंग्रजीत खाण्यापिण्याविषयी लिहिणाऱ्यांमध्ये 'टूथसम' या विशेषणावरून एक वाद अधूनमधून उफाळून येतो. कोशांनी या शब्दाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या 'रुचकर, चवीला छान' असा दिला आहे. अलीकडे मात्र उपाहारगृहांची परीक्षणे आणि पाककृती लिहिणारे अनेक जण तो 'चावताना दाताला सुखावणारा' या अर्थाने सर्रास वापरतात. किंचित कणी राहिलेला पास्ता, ताज्या पावाचा चिवट गाभा, जाडसर नूडल्स अशा पदार्थांना तो लावला जातो. जुन्या अर्थाचे कैवारी म्हणतात की हे निव्वळ अज्ञान आहे, कारण या शब्दातला दात खऱ्या दाताशी संबंधित नाही. नव्या अर्थाचे समर्थक उत्तर देतात की शब्दात दात ढळढळीत दिसत असताना तो दाताविषयी नाही असे सांगणे हाच अट्टाहास आहे. माझे म्हणणे असे की या भांडणात दोन्ही पक्ष एकच चूक करत आहेत. शब्द कशापासून घडला यावरून आज त्याचा अर्थ काय असला पाहिजे हे ठरते, असे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीतक टिकणारे नाही, आणि ते बाजूला ठेवले तरी 'मग ज्याला जो अर्थ हवा तो त्याने घ्यावा' असा निष्कर्षही निघत नाही.

प्रथम जुन्या पक्षाचे खरे आहे ते मान्य करायला हवे, आणि ते बरेच आहे. 'टूथसम' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात दिसू लागतो. त्यापूर्वी, चौदाव्या शतकापासूनच, दाताचा वाचक 'टूथ' हा शब्द लक्षणेने, म्हणजे मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या अर्थाने, 'खाण्याची आवड, रुची' असा वापरला जात होता. गोडाची आवड असणाऱ्याला 'स्वीट टूथ' आहे असे आजही म्हटले जाते ते त्याच वापराचे अवशेष आहे. या 'आवड' अर्थाच्या दाताला 'सम' हा प्रत्यय लागला आणि आवडीला उतरणारे ते 'टूथसम' झाले. म्हणजे शब्द घडला तेव्हाच त्यातला दात चावण्याचे काम सोडून जिभेचे काम करू लागला होता. इतिहास म्हणून हा मुद्दा निर्विवाद आहे, आणि 'दात म्हणजे दातच' असे ठणकावणाऱ्याने तो वाचलेला नसतो, हेही खरे. (शब्दाचा दुसरा, माणसांना आणि विशेषतः स्त्रियांना 'आकर्षक' म्हणण्याचा वापरही कोशांत आहे, तो जितक्या लवकर जुना होईल तितके बरे.)

पण एवढ्या इतिहासावरून निवाडा कसा होतो? त्याच 'सम' प्रत्ययाचे 'हँडसम' हे भावंड पाहावे. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याचा अर्थ 'हाताळायला सोपे, हाताशी असलेले' असा होता. तेथून तो 'सोयीचे', 'बेताचे' अशी वळणे घेत 'देखणा' या अर्थापर्यंत येऊन पोहोचला. देखण्या माणसाला हँडसम म्हणणाऱ्याला कोणी हाताची आठवण करून देत नाही. मग त्याच घडणीच्या शब्दाने दाताकडून रुचीकडे आणि रुचीकडून पुन्हा दाताकडे प्रवास केला तर तो गुन्हा का ठरावा? जुन्या पक्षाला एक तर हँडसमचाही अर्थ मागे न्यावा लागेल, नाही तर उगमाखेरीज दुसरे काही कारण द्यावे लागेल.

चवीच्या शब्दांतच याहून अडचणीचे उदाहरण आहे, ते 'सेव्हरी'चे. लॅटिनमधल्या एकाच क्रियापदाचे 'चव असणे, चव घेणे' आणि 'जाणणे, शहाणपण असणे' असे दोन अर्थ होते. त्याच्या एका शाखेतून माणसाच्या जातीचे 'सेपियन्स' हे नाव आले आणि दुसऱ्या शाखेतून, फ्रेंचमार्गे, इंग्रजीत 'सेव्हरी' आला. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये म्हातारा इसहाक आपल्या मुलाला स्वतःच्या आवडीचे सेव्हरी भोजन करून आणायला सांगतो, तेव्हा शब्दाचा अर्थ सरळ 'रुचकर' असा आहे. आज ब्रिटनमध्ये हा शब्द प्रामुख्याने 'गोड नसलेला' असा पदार्थांचा वर्ग सांगतो. पूर्वीच्या श्रीमंती जेवणात गोडाच्या पदार्थानंतर टोस्टवर चीज, अँकोव्ही मासा किंवा तसलेच काही खारट-तिखट दिले जाई, त्या वाढणीचेच नाव 'सेव्हरी' होते. आता एखादा सेव्हरी पदार्थ बेचव निघाला असे म्हटले तर त्यात काहीही विसंगती वाटत नाही. जो शब्द मुळात पसंती व्यक्त करत होता तो एका प्रकाराचे नाव झाला. 'टूथसम'मध्ये चालू आहे ते नेमके असेच स्थलांतर आहे. पसंतीचा शब्द पोताच्या वर्णनाकडे सरकतो आहे. सेव्हरीचे स्थलांतर मुकाट्याने स्वीकारून टूथसमच्या स्थलांतरावर शुद्धतेचा पहारा बसवणाऱ्यांनी या दोहोंत फरक कोणता, हे सांगितलेले मला तरी आढळलेले नाही. खरा फरक एवढाच की एक स्थलांतर पार पडले आहे आणि दुसरे आपल्या डोळ्यांदेखत चालले आहे.

अशी उदाहरणे आपल्याला इंग्रजीतच शोधावी लागतात असेही नाही. 'तेल' हा शब्द 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेले, यावरून आला. व्युत्पत्तीची आज्ञा पाळायची तर शेंगदाण्याचे तेल हा वदतोव्याघात होईल आणि तिळाचे तेल ही द्विरुक्ती. गंमत म्हणजे इंग्रजी 'ऑइल' शब्दही ऑलिव्हच्या ग्रीक नावातून आलेला आहे, त्यामुळे तेथेही प्रत्येक तेलाच्या बाटलीवर तोच आक्षेप घेता येईल. 'स्वादिष्ट' या आपल्या रोजच्या शब्दाचे पाहा. ऋग्वेदाच्या नवव्या मंडळाचा आरंभच 'स्वादिष्ठया मदिष्ठया पवस्व सोम धारया' असा होतो; तेथे 'स्वादिष्ठ' हे 'स्वादु' या विशेषणाचे तमभावी रूप आहे, म्हणजे 'सर्वांत मधुर'. ज्या प्राचीन धातूपासून स्वादु शब्द आला त्यातूनच इंग्रजीतला 'स्वीट' आला. आज आपण लोणचे स्वादिष्ट झाले असे म्हणतो, त्यात गोडवाही नसतो आणि तुलनाही नसते. उलट 'सर्वांत स्वादिष्ट' म्हणून तमभाव दुसऱ्यांदा जोडतो. या वापरात चूक काढणारा माणूस संस्कृत जाणतो हे सिद्ध होईल, परंतु मराठी जाणतो हे सिद्ध होणार नाही.

कडू आणि तिखट यांची गोष्ट तर याहून उलटीपालटी आहे. आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कटु' म्हणजे तिखट. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांना मिळून त्रिकटु म्हणतात ते म्हणूनच. 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत मात्र 'कटु'वरून आलेल्या 'कडू'ने तिक्ताची जागा घेतली आणि तिखटपणासाठी 'तीक्ष्ण'च्या घरातला शब्द आला. बंगालीत 'तेतो' आजही कडूच आहे, कारण तेथे तिक्ताने आपला अर्थ सोडला नाही. मग कारल्याला कडू म्हणणारा महाराष्ट्र एवढी शतके चुकत आला, असे समजायचे का?

हा प्रश्न आपल्याकडच्या शास्त्रकारांनी फार पूर्वी हाताळलेला आहे आणि त्यांची मांडणी आजच्या वादांपेक्षा काटेकोर आहे. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या 'निरुक्त' या प्राचीन ग्रंथात शाकटायन आणि गार्ग्य या दोन विद्वानांमधला मतभेद नोंदवला आहे. सर्व नामे क्रियापदांपासून आली आहेत, हे शाकटायनाचे मत. त्यावर आक्षेप असा की वाट चालणारा म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणायचे तर जो कोणी वाट चालेल त्याला अश्व म्हणावे लागेल, आणि टोचते म्हणून गवताला 'तृण' म्हणायचे तर टोचणारी प्रत्येक वस्तू तृण ठरेल. यास्क शाकटायनाच्या बाजूचा आहे, तरी आक्षेप टाळत नाही. तो लोकव्यवहाराकडे बोट दाखवतो: एकच क्रिया करणाऱ्यांपैकी काहींना ते नाव मिळते, इतरांना मिळत नाही, लाकूड तासणारा प्रत्येक जण 'तक्षा' म्हणजे सुतार होत नाही. म्हणजे शब्द कसा घडला हे सांगण्याचा हट्ट ज्याने सर्वांत जास्त धरला, त्यानेही नाव कोणाला लागू होते हे ठरवण्याचे काम वापराकडेच सोपवले.

चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात याला नेमकी परिभाषा दिली. त्याच्यापूर्वी मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'कर्मणि कुशलः' हे रूढीवर आधारलेल्या लक्षणेचे उदाहरण मानले होते. कुशल म्हणजे मुळात कुश नावाचे गवत तोडून आणणारा, आणि येथे गवताचा काही संबंध नसल्याने 'निपुण' हा अर्थ लक्षणेने घ्यावा लागतो, असे त्याचे म्हणणे. विश्वनाथाला हे मान्य नाही. निपुण हाच कुशल शब्दाचा मुख्य अर्थ आहे, असे तो म्हणतो, आणि कारण देतो: 'अन्यद्धि शब्दानां व्युत्पत्तिनिमित्तमन्यच्च प्रवृत्तिनिमित्तम्'. शब्द घडण्याचे निमित्त वेगळे आणि तो वापरला जाण्याचे निमित्त वेगळे. पुढे तो असे उदाहरण देतो की त्यावर उत्तर सुचत नाही: 'गो' शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून साधतात, म्हणून व्युत्पत्तीचा अर्थ मुख्य मानला तर 'गाय झोपली आहे' या साध्या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल. टूथसमच्या वादात उतरलेल्या कोणाही इंग्रजी लेखकाने हे वाक्य वाचले असण्याची शक्यता नाही. पण आपण वाचलेले असताना तीच चूक आपल्या भाषेच्या भांडणांत करावी, याला काय म्हणावे?

आता नव्या पक्षाकडे वळू. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा व्युत्पत्तीचा नाही, गरजेचा आहे, आणि तो मला पटतो. इंग्रजीत चावून खाण्याच्या सुखाला चांगला शब्द नाही. 'च्यूई' म्हटले की वाचकाला रबरासारखे मांसही आठवते आणि उत्तम टॉफीही. शब्द पोत सांगतो, पसंती सांगत नाही. इटालियन लोक पास्त्याला 'अल देन्ते' म्हणजे 'दाताजोगा' म्हणतात. तैवानमध्ये नूडल्सच्या किंवा साबुदाण्याच्या गोळ्यांच्या लवचीक चिवटपणासाठी 'क्यू' या रोमन अक्षराचाच शब्द केला गेला आहे आणि अधिक कौतुक करायचे असेल तर तो दोनदा उच्चारतात. जपानीत उदोन नूडल्सचा दमदारपणा सांगायला 'कोशी' असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीची स्थिती येथे चमत्कारिक आहे. कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, मऊसूत अशी पोताची कौतुके आपल्याकडे भरपूर आहेत, आणि दाताला झुंजवणाऱ्या पदार्थाला नावे ठेवण्यासाठी चामट, वातड, चिवट हे शब्दही आहेत. पण चिवटपणा आवडला हे सांगणारा शब्द जवळपास नाही. माणूस चिवट असला तर ती प्रशंसा, भाकरी चिवट असली तर तक्रार. त्यामुळे इंग्रजी लेखकाला भासणारी उणीव आपल्याला सहज समजावी.

दुसराही एक मुद्दा नव्या पक्षाच्या बाजूने आहे, जो ते स्वतः क्वचितच मांडतात. ज्याला आपण बोलताना 'चव' म्हणतो ती एकट्या जिभेची गोष्ट नसते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते; यातला पाचवा रस किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू या समुद्री वनस्पतीच्या कढणातून ओळखला. बाकीचे बरेचसे नाकाकडून येते, आणि पोत, तापमान, चावल्याचा आवाज यांचीही त्यात भर पडते. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागते आणि मऊ पडलेला पापड मीठ-मसाला तोच असूनही चवीला उतरला असे वाटते, ते यामुळे. तेव्हा 'चवीला छान' आणि 'चावायला छान' यांच्यातली भिंत कोशात जेवढी पक्की आहे तेवढी तोंडात नाही. रुची सांगणारा शब्द पोताकडे झुकला, यात अनैसर्गिक असे काही नाही.

मात्र हे दोन भक्कम मुद्दे हाताशी असताना नवा पक्ष ज्यावर विसंबतो तो तिसराच आहे: 'शब्दात दात आहे, म्हणून तो दाताविषयीच असणार'. ही तर जुन्या पक्षाचीच पद्धत झाली, फक्त अभ्यास कमी. अशा ऐकीव फोडीतून शब्द निपजत नाहीत असे माझे म्हणणे नाही. ते निपजतात आणि टिकतातही. हँबर्ग शहराच्या नावावरून आलेल्या 'हँबर्गर'ची फोड लोकांनी 'हॅम' आणि 'बर्गर' अशी केली, त्यातून 'बर्गर' सुटा झाला, आणि आज पुण्या-मुंबईत व्हेज बर्गर विकला जातो, ज्यात ना ते शहर आहे ना डुकराचे मांस. एका फ्रेंच शब्दातला शेवटचा भाग इंग्रजांना 'फिश' असा ऐकू आला आणि मासा नसलेला प्राणी 'क्रेफिश' झाला. पण बर्गर बरोबर ठरला तो फोड बरोबर होती म्हणून नव्हे. दुकानात शिरून बर्गर मागितल्यावर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच वस्तू कळते, म्हणून तो बरोबर ठरला. टूथसमचा नवा अर्थ या कसोटीला उतरतो का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि दोन्ही पक्ष नेमका तोच विचारत नाहीत.

माझे उत्तर असे की तो आज अर्धाच उतरतो. एखाद्या परीक्षणात 'टूथसम नूडल्स' असे लिहिलेले असेल तर काही वाचक नूडल्स चविष्ट होते असे समजतात आणि काही त्यांना दाताखाली चांगला दम होता असे. दोघांनाही आपण चुकलो हे कधी कळत नाही, कारण दोन्ही अर्थ वाक्यात चपखल बसतात. टूथसम सॉस किंवा टूथसम सरबत म्हटले तर नव्या अर्थाचा वाचक गोंधळतो, आणि चवीबद्दल नापसंती दाखवून शेवटी 'निदान टूथसम तरी होते' असे म्हटले तर जुन्या अर्थाचा. शब्दाचा अर्थ बदलणे आणि शब्द संदिग्ध होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. सेव्हरी बदलला तेव्हा नवा अर्थ गोडाच्या विरुद्ध उभा राहिला, त्यामुळे संदर्भावरून गाठ सुटत असे. टूथसमचे दोन्ही अर्थ एकाच ताटाची स्तुती करतात आणि म्हणून एकमेकांआड लपतात.

याच प्रत्ययाचे आणखी एक भावंड या धोक्याचे उदाहरण आहे. 'फुलसम' म्हणजे प्रथम 'विपुल'. मग अतिरेकामुळे 'किळस आणणारे', आणि खाण्याच्या बाबतीत 'मळमळायला लावणारे'. विसाव्या शतकात पुन्हा 'भरघोस' असा चांगला अर्थ वर आला. आज कोणी 'फुलसम स्तुती' म्हटले तर ती मनापासूनची की ओशाळवाणी, हे लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. अमेरिकी कोशकार ब्रायन गार्नर यांनी अशा वादात सापडलेल्या शब्दांना, दुर्गंधी सोडणाऱ्या स्कंक या प्राण्यावरून, एक वर्गनामच दिले आणि वाद मिटेपर्यंत ते टाळावेत असा सल्ला दिला. सल्ला व्यवहारी आहे, पण त्याची एक किंमत आहे. काळजीपूर्वक लिहिणारे सगळेच तो पाळू लागले तर शब्द फक्त निष्काळजी लेखकांच्या हाती उरतो आणि वादाचा निकाल तेच लावतात. मला त्यापेक्षा असे वाटते की लेखकाने शब्द वापरावा, पण त्याच वाक्यात अर्थाला आधार द्यावा. रस्सा टूथसम असेल तर त्यातल्या मसाल्याचे नाव घ्यावे, पाव टूथसम असेल तर त्याच्या गाभ्याविषयी बोलावे. रुढी अशा वाक्यांनीच पक्की होते. आणि त्यातून नवा अर्थ जिंकला तर जुन्या पक्षाने हँडसमकडे पाहून गप्प बसावे.

कोशकाराचे आणि अनुवादकाचे काम याहून अवघड आहे, कारण त्यांना निकालाची वाट पाहत बसता येत नाही. इंग्रजी-मराठी कोशात या शब्दापुढे 'रुचकर, स्वादिष्ट' एवढेच दिलेले असेल तर आजच्या पाककृतीचा अनुवाद करणारा विद्यार्थी नूडल्सच्या चावण्याविषयीचे वाक्य निष्कारण चवीविषयीचे करून टाकतो, आणि शिजवणाऱ्याला त्या किती वेळ उकळायच्या याची जी खूण त्या शब्दात होती ती हरवते. कोशाने दोन्ही अर्थ द्यावेत, पहिला जुना आणि दुसरा अलीकडचा व वादग्रस्त असल्याची नोंद करावी, आणि उगम द्यायचाच तर तो अर्थांच्या खाली, वेगळ्या ओळीत द्यावा. दुसऱ्या अर्थाला मराठी प्रतिशब्द म्हणून 'चिवट' चालणार नाही, 'चामट' तर मुळीच नाही. तयार शब्द मिळेपर्यंत 'चावायला छान लागणारा' असे दोन-तीन शब्द खर्च करणेच प्रामाणिक ठरेल.